कार्ड गुजरातचं, गाव मध्य प्रदेशातलं

बडोद्याहून डभोई, बोडेली करत निघालं की अडीच-तीन तासांत छोटा उदेपूर येतं. तिथून तासाभरात अलीराजपूर, म्हणजे मध्य प्रदेश. कवांटकडून खाली हांफेश्वरला उतरलं तर नर्मदेचं पाणी लागतं आणि पलीकडच्या डोंगरावर दिसतो तो महाराष्ट्र, नंदुरबार जिल्हा. आम्हा बडोद्याच्या मराठी मंडळींना हा भाग ठाऊक असतो तो पिठोरा चित्रांमुळे, नाहीतर पावसाळ्यातल्या एखाद्या सहलीमुळे. मला थोडा जास्त ठाऊक होता, कारण सयाजीराव विद्यापीठातून पोषणशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर काही वर्षं मी याच पट्ट्यातल्या अंगणवाड्यांचे अहवाल लिहीत होते. पण निधी जिल्ह्याला मिळतो, आकडे जिल्ह्याचे मागितले जातात, त्यामुळे अहवालातला नकाशाही जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबायचा. पलीकडे काय चाललंय हे विचारायची कुणाला गरजच पडत नव्हती.

मग एका प्रशिक्षणक्रमाची जाहिरात हाती आली. ग्रामीण आरोग्य आणि आरोग्यातली विषमता या विषयांवर संशोधन करणारी माणसं याच भागात घडवायची, म्हणून तीन संस्था एकत्र आल्या होत्या: एक बडोद्यातली, एक नंदुरबार जिल्ह्यातली, एक अलीराजपूरकडची. अर्जात पदव्यांच्या रकान्यापेक्षा मोठी जागा एका प्रश्नाला होती. तुम्हाला काय शोधायचं आहे, आणि हा प्रश्न तुम्हाला कुणामुळे पडला? मी लिहिलं की दिवाळीनंतर अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरमध्ये कितीतरी मुलांपुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो. ही मुलं जातात कुठे आणि तिथे त्यांचं वजन कोण करतं, हे मला एका तेडागरबेनने, म्हणजे अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी, विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी हे समजावणं अर्ज भरण्यापेक्षा कठीण गेलं. दांडिया बाजारातल्या आत्याने सरळ चौकशी केली.

“म्हणजे पीएच.डी. का गं?”

“नाही, आत्या.”

“मग नोकरी?”

“तसंही नाही. थोडं विद्यावेतन आहे.”

“बरं. म्हणजे शिकायचं आणि हिंडायचं.”

याहून नेमकं वर्णन पुढे मलाही जमलेलं नाही.

तुकडीत दोन तऱ्हेची माणसं होती. माझ्यासारखे पदवीवाले, आणि ज्यांची वर्षंच्या वर्षं गावात गेली आहेत असे. अलीराजपूरकडच्या एक भिलाला आदिवासी समाजातल्या एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाई, होत्या, त्यांना आम्ही सगळे दीदी म्हणायचो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा एक पावरा आदिवासी तरुण होता, समाजकार्यात पदवी घेतलेला. त्याचं पहिल्याच दिवशी ‘धडगावकर’ झालं. छोटा उदेपूरमधल्या नसवाडीची एक आशाबेन, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, होती, तिला गावातल्या प्रत्येक बाळाची जन्मतारीख तोंडपाठ. आणि नियम असा की आपल्या राज्यात आपण एकट्याने काम करायचं नाही. प्रत्येकाला दुसऱ्या राज्यातला जोडीदार, प्रत्येक अभ्यास निदान दोन राज्यांत, आणि जोडीदाराने होकार दिल्याशिवाय प्रश्नावली अंतिम होणार नाही.

संस्थांचं सहकार्य मी आधीही पाहिलं होतं. करार होतो, बॅनरवर तीन बोधचिन्हं येतात, ऑनलाइन व्याख्यानं होतात आणि शेवटी ज्याचा प्रिंटर चालू असतो तो प्रमाणपत्रं छापतो. जोडीच्या नियमामुळे इथे तशी पळवाट राहिली नाही. माझी जोडी दीदींशी लागली, आणि पुढचं जे काही आहे ते त्यामुळेच.

सुरुवातीचे आठवडे वर्गात गेले. नमुना निवड, संख्याशास्त्र, मोबाइलवर कोबो टूलबॉक्सचे फॉर्म बनवणं हे सगळं झालं. ते शिकवणारे पुष्कळ आहेत, इथे लिहीत नाही. लक्षात राहिली ती आकडे वाचायची शिकवण. सामाजिक वैद्यकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक यायचे. त्यांनी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, म्हणजे २०१९-२१ चे, तिन्ही राज्यांचे तक्ते नावं झाकून समोर ठेवले. पाच वर्षांखालच्या मुलांमधली खुंटलेली वाढ: ३९ टक्के, ३५.७ टक्के, ३५.२ टक्के. ओळखा म्हणाले. बहुतेकांनी ३९ मध्य प्रदेशाच्या पदरात टाकले. ते निघाले गुजरातचे. मध्य प्रदेश ३५.७ आणि महाराष्ट्र ३५.२. बडोदेकर म्हणून मला ते पचायला जड गेलं, दीदी मात्र गालातल्या गालात हसत होत्या.

सरांनी लगेच तोही तक्ता बाजूला सारला. राज्याच्या सरासरीत पुणं आणि धडगाव एकाच पातेल्यात उकळलं जातं, ते म्हणाले, आणि चव पुण्याची लागते. आदिवासींच्या आरोग्याची परिस्थिती वेगळी काढून दाखवणारे आकडेच नीट मिळत नाहीत, ही गोष्ट डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनेही २०१८च्या अहवालात मांडली आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात १० कोटींहून जास्त आदिवासी आहेत, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. एवढ्या माणसांबद्दल आपण अंदाजाने बोलतो. त्यात आमच्या पट्ट्याची आणखी एक गोची: सर्वेक्षणाची माणसं गावात येतात तेव्हा घराला कुलूप असतं, आणि ज्या शहरात ते कुटुंब ताडपत्रीखाली राहत असतं तिथल्या घरांच्या यादीत ताडपत्री सहसा येत नाही.

दोन राज्यांच्या मध्ये माणूस कसा हरवतो याचं सर्वांत भयंकर उदाहरण या भागात आधीच घडून गेलेलं आहे. झाबुआ, अलीराजपूर, धारचे आदिवासी मजूर गोध्रा, बालासिनोरच्या क्वार्ट्ज दळणाऱ्या कारखान्यांत जायचे. दगडाची पूड फुफ्फुसात घेऊन परत यायचे आणि गावी मरायचे. कारखाना गुजरातचा, मयत मध्य प्रदेशातला. सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराची लक्षणं क्षयासारखी दिसतात, त्यामुळे कित्येकांवर क्षयाचेच उपचार झाले. गावोगाव फिरून कोण कुठल्या कारखान्यात गेला होता हे स्थानिक कार्यकर्त्यांनी जुळवलं तेव्हा ते साथीसारखं दिसायला लागलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१०मध्ये २३८ मृतांच्या वारसांना भरपाईची शिफारस केली आणि २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं. दीदींच्या नात्यातही या पुडीने गेलेले होते. वर्गात त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढचं पान उलटलं.

दुसरं उदाहरण बऱ्या अर्थाने. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास असल्याचं दाखवलं. १९८९मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. पुढे १९९९मध्ये त्यांचाच घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास आला. ती काळजी घेणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या बायका गावातल्याच होत्या. आमच्या आशाबेनने हे ऐकून विचारलं, “एटले, म्हणजे आशा जे काम करते ते संशोधनातून आलं?” हो, तिच्या घरभेटींची मुळं तिथेच आहेत. वर्षानुवर्षं ती भेटी देत होती, पण हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रशिक्षणांवर खर्च होणाऱ्या पैशात एवढी साधी गोष्ट बसत नाही, याचा मला राग आला.

मग मोजमापांची तालीम. नसवाडी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत आम्हाला बसवलं. मुलाची उंची घेणं हे काम ज्याने केलं नाही त्यालाच सोपं वाटतं. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. आडवं आणि उभं यांत ०.७ सेंटीमीटरचा फरक धरतात. दोन वर्षांच्या पोराला भोकाड पसरून फळीवरून उतरायचं असतं, तेव्हा हा फरक फळीवर नव्हे, मोजणाऱ्याच्या मनगटात असतो. एकाने डोकं आडव्या पट्टीला सरळ टेकवायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून तळव्यांना सरकपट्टी लावायची आणि आकडा मोठ्याने वाचायचा. प्रत्येकाने तीच मुलं दोनदा मोजायची, पहिला आकडा न बघता. शेवटी सगळ्यांच्या आकड्यांची तफावत काढली तेव्हा पदवीवाले मागे आणि तेडागरबेन, जी नुसती मुलं धरायला म्हणून आली होती, ती सगळ्यांच्या पुढे. सरांनी तिलाच उरलेल्या दुपारभर आमची गुरू केलं. दंडाच्या पट्टीचंही तसंच. ११.५ सेंटीमीटरच्या खाली अतितीव्र कुपोषण. पट्टी जरा घट्ट ओढली की एक मूल आजारी ठरतं, सैल सोडली की बरं होतं.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीची पायरी मला वाटत होती त्यापेक्षा फार लांबली. तीन संस्था, तीन समित्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अनेक ठिकाणच्या अभ्यासांसाठी एकत्र छाननीची सोय आहे, पण ती सोय वापरायला तयार होणं हा वेगळा विषय. पत्रं इकडून तिकडे गेली. चिडचिड झाली. आमचा अभ्यास असा होता: अलीराजपूरच्या सोंडवा भागातून मजुरीला बडोद्यात येणाऱ्या गरोदर बायकांची तपासणी कुठे होते, नोंद कुठे होते, बाळंतपण कुठे होतं. सोबत बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन. समितीतल्या एका वकील बाईंनी विचारलं, “हिमोग्लोबिन ७च्या खाली आलं तर तुम्ही त्या वेळी काय करणार?”

आमच्याकडे वाक्य तयार होतं: जवळच्या आरोग्यकेंद्राकडे पाठवू.

“जवळचं म्हणजे कुठलं? ती त्या दिवशी कुठे असेल? गाडी कोण बोलावणार?”

१०८ प्रत्येक राज्याची वेगळी. कुठल्या गावाला कुठला दवाखाना खरंच जवळ आहे, रात्री तिथे कोण असतं, रक्त कुठे मिळतं, याची हद्दीच्या दोन्ही बाजूंची एकत्र यादी आम्हाला कुठेच सापडली नाही. ती आम्ही बनवली. दीदींना अलीराजपूरची बाजू पाठ होती, आशाबेनने छोटा उदेपूरची सांगितली, धडगावकरने नर्मदेपलीकडची. चार पानांचा तो कागद अजूनही लोक माझ्याकडे मागतात. आमच्या शोधनिबंधाचा मसुदा अजून कुणी मागितलेला नाही.

समिती एवढी कडक का, हे बडोद्यात तरी विचारायला नको. २००९मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीचा प्रात्यक्षिक प्रकल्प देशात दोन जिल्ह्यांत झाला: तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम आणि आपला बडोदा. इथले तालुके डभोई, शिनोर आणि कवांट. २०१०मध्ये तो थांबवला गेला. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण संमती कशी घेतली यावर कडक ताशेरे आले. आंध्रात वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल २०१३मध्ये आला. लस चांगली की वाईट हा मुद्दा नव्हता, आजही नाही. कवांटमध्ये संमतीपत्र घेऊन जाणाऱ्याला मात्र हे माहीत असायलाच हवं, असं आमच्या समितीचं म्हणणं होतं आणि ते मला शंभर टक्के पटलं.

त्यात अंगठ्याची गोष्ट आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सरदार सरोवर धरणाच्या पट्ट्यात मात्र अंगठा म्हटलं की आधी गेलेली जमीन आठवते. सोंडव्याकडच्या एका आजींनी दीदींना भिलालीत सुनावलं, त्याचा मथितार्थ असा की रक्त पाहिजे तेवढं घे, अंगठा देणार नाही. दीदी तास-दीड तास तिथेच बसल्या, मक्याची कणसं सोलू लागल्या, कागद पिशवीत ठेवून दिला. सुनेने शेवटी स्वतःच कागद मागितला, शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतला आणि अंगठा दिला. आजींनी दिला नाही. त्यांना आम्ही अभ्यासात घेतलं नाही.

मधे एक फेरी धडगावकरच्या मुलुखात झाली. डोंगराळ आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे, सपाटीवर ५,०००ला एक. कागदावर ही सवलत वाटते. पण तिकडे ३,००० माणसं म्हणजे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले पाडे, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा दिवस. नर्मदेच्या फुगवट्यात तरंगता दवाखाना आहे, बाकी ठिकाणी बांबूला बांधलेली झोळी. हांफेश्वरहून पाण्यावरून समोर दिसणारं गाव रस्त्याने गाठायचं तर दिवस मोडतो. धडगावकर म्हणाला, “आमच्या बायकांना समोरचा गुजरात जवळ, आपला जिल्हा लांब. पण योजना जिल्ह्याकडून येते.” त्याच्या अभ्यासाचा विषयही हाच होता; तो त्याने लिहावा.

बडोद्यातलं आमचं काम सकाळी मजुरांच्या नाक्यावर सुरू व्हायचं. दीदी गावाहून निघालेल्यांचे फोन नंबर घेऊन यायच्या आणि आम्ही त्यांना शहरात शोधायचो. मी एकटी गेले असते तर मुकादमाने पहिल्याच दिवशी हाकललं असतं. दीदींनी गाव विचारलं, मग फळिया, म्हणजे वस्ती, विचारला, मग सासर; दहा मिनिटांत एक बाई त्यांच्या नणंदेच्या गावची निघाली आणि आम्हाला बसायला सिमेंटची रिकामी गोणी मिळाली. गावात ज्या बायका “सगळं ठीक” म्हणाल्या होत्या त्याच इथे बोलत्या झाल्या, कारण इथे सासू नव्हती.

त्यांच्यातली एक सात महिन्यांची गरोदर होती. ताडपत्रीच्या आतल्या बांबूला प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती, त्यात घरातले सगळे कागद. तिने ती काढून दिली. आत रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, सोनोग्राफीचा चुरगळलेला कागद, मध्य प्रदेशातलं माता-बाल कार्ड आणि बडोद्यातलं ममता कार्ड, म्हणजे गुजरातचं तसंच कार्ड. मध्य प्रदेशच्या कार्डावर हिमोग्लोबिन ७.८. तीन आठवड्यांनी बडोद्यात ९.४. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम म्हणावा तर दोन्ही राज्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या त्याच पिशवीत होत्या, जवळजवळ भरलेल्या. गोळीने मळमळतं आणि उन्हात काम होत नाही, एवढं साधं कारण.

मग हा फरक कुठून आला? दीदींनी कार्ड बघूनच सांगितलं की पहिला आकडा साहलीच्या नळीचा असणार. त्या पद्धतीत रक्त आम्लात मिसळून रंग तपकिरी व्हायची वाट बघावी लागते, मग थेंब थेंब पाणी घालत नळीचा रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. रांग मोठी असली, थांबायला वेळ नसला की आकडा कमी येतो, उजेडानेही बदलतो. दुसरा डिजिटल यंत्राचा, पण बोट पिळून रक्त काढलं असेल तर तोही डळमळतो. आमच्या यंत्रावर ८.३ आलं. तिन्ही आकडे ७ आणि १०च्या मधले, म्हणजे मध्यम रक्तक्षय, उपचार एकच: रोज दोन गोळ्या. दीदींनी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि पहिल्या दोन तिच्या हातावर स्वतः ठेवल्या. मला त्या घटकेला आकड्यातल्या फरकाचा आलेख काढावासा वाटत होता. तोही पुढे काढला.

महत्त्वाची गोष्ट कार्डांच्या वरच्या कोपऱ्यात होती. दोन कार्डं, दोन नोंदणी क्रमांक. गुजरातच्या आरोग्यसेविकेच्या हातात टेको प्लसचं ॲप, मध्य प्रदेशात अनमोल. बाई नव्याने आली की जुनी नोंद शोधण्यापेक्षा नवी करणं सोपं पडतं, आणि नोंदणीचं उद्दिष्टही त्यानेच पुरं होतं. आम्ही तिच्या बाळंतपणापर्यंत माग ठेवला. होळीच्या सुमाराला ती गावी निघाली आणि ती घरी पोचल्यावर, दवाखान्यात जाण्याआधीच बाळ झालं. दोघंही सुखरूप. पण रजिस्टरांत बघाल तर एका बाईची दोन गरोदरपणं आणि बाळंतपण शून्य. दोन्हीकडे तिच्यापुढे शेरा एकच: स्थलांतरित.

असं एकदाच झालं असतं तर किस्सा म्हणून सोडून दिलं असतं. बायकांमागून बायका अशाच निघाल्या. पैशाचाही गुंता आहेच. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंतपण झालं तर ग्रामीण बाईला मध्य प्रदेशात १,४०० रुपये, गुजरात-महाराष्ट्रात ७००, कारण राज्यांची वर्गवारी वेगळी. बायकांना हे व्यवस्थित ठाऊक असतं. काहीजणी आठव्या-नवव्या महिन्यात खडखडत्या जीपमधून गावी जातात त्यामागे माहेर-सासरची ओढ असते, बोलीभाषा कळणारी नर्स असते, आणि हा हिशेबही असतो.

आकडे एकत्र करायला बसलो तेव्हा जरा भांडणंच झाली. कुपोषित मुलाला महाराष्ट्रात ग्राम बाल विकास केंद्रात नेतात, मध्य प्रदेशात पोषण पुनर्वास केंद्रात भरती करतात, गुजरातेत केंद्राचं नाव आणखी वेगळं. मुक्कामाचे दिवस, निकष, मजुरी बुडाल्याची भरपाई सगळं थोडं थोडं वेगळं. एका रकान्यात काय बसवायचं यावर दोन दुपारी गेल्या आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही. खरं भांडण लेखकांच्या नावांवरून झालं. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे लेखक म्हणवून घ्यायला नुसती माहिती गोळा करून भागत नाही, मसुद्यातही वाटा लागतो. मसुदा इंग्रजीत. दीदींना इंग्रजी येत नाही. म्हणजे ज्यांच्याशिवाय एक ओळ लिहिता आली नसती त्या ‘आभार’ या सदरात जाणार. धडगावकर यावर फार चिडला, ते बरंच झालं. शेवटी मसुद्याचा एकेक परिच्छेद हिंदीत वाचून दाखवायचा आणि जो दुरुस्त्या सुचवेल तो लेखक, असं ठरलं. पहिल्याच वाचनात दीदींनी निष्कर्षातलं ‘बायकांमध्ये जागृतीचा अभाव’ हे माझं वाक्य काढायला लावलं. “जिच्याकडे दोन राज्यांची कार्डं आहेत तिला जागृती नाही?” नावांचा क्रम मात्र अजून ठरलेला नाही.

निष्कर्ष गावात सांगायचे हा कार्यक्रमाचा शेवटचा टप्पा. सोंडव्याकडच्या एका फळियात, शाळेच्या ओसरीवर, दीदी बोलल्या. आलेख नव्हते, दोन मोठी पुठ्ठ्याची कार्डं आणि एक वही. ऐकून झाल्यावर एका तरुण बाईने विचारलं, “मग बडोद्यात हे कार्ड दाखवलं तर चालेल की नाही?” आम्ही प्रामाणिकपणे सांगितलं की चालायला हवं, पण नवीन देतील.

पुढच्या हंगामात आम्ही दोघी तिच्यासोबत नाक्याजवळच्या आरोग्यकेंद्रात गेलो. नवीनच मिळालं, ॲपला स्थानिक पत्ता लागतो. नर्सबेन समंजस होत्या. दीदींनी विनंती केल्यावर त्यांनी जुन्या कार्डाचा क्रमांक नव्या कार्डावर पेनाने लिहून दिला, आणि ती परत आल्यावर गावच्या आशा कार्यकर्तीने तो वाचून जुन्या नोंदीत बाळंतपण भरलं. पोर्टलमध्ये यासाठी रकाना नाही. दोन्ही बाजूंच्या काही आशांनी आता हे सुरू केलं आहे, कुणाच्या लेखी आदेशाशिवाय. आदेशासाठी दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवायचा आमचा प्रयत्न तारखांवर अडला आहे.

दुसऱ्या तुकडीतल्या दोन जोड्यांनी हाच विषय घेतला आहे: हाताने लिहिलेला क्रमांक किती कार्डांवर शाबूत राहतो आणि त्यावरून बाळंतपणाची नोंद सापडते का. एक जोडी सोंडव्यात, दुसरी बडोद्याच्या नाक्यांवर. त्यांच्या प्रश्नावलीची तपासणी माझ्याकडे आणि दीदींकडे आहे. पहिला मसुदा दीदींनी परत पाठवला, कारण त्यात पिशवीतल्या गोळ्या मोजायचा प्रश्न राहिला होता.